आमच्या वाडीतलं 'जपानी'

गेल्या वैशाखात आंजर्ल्याला हळदीची सुपारी होती. साडेनऊ वाजून गेले होते, दहाला आवाज बंद करायचा होता आणि पोरं नाचून घामेजली होती. मी पाणी पीत उभा होतो. तेवढ्यात नवरीची आजी काठी टेकत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "जपानी वाजवत नाय काय रं आता तुम्ही?"

आमच्या बेंजो पार्टीतली नवी पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. कीबोर्डवाल्याने विचारलं, "काका, जपानी म्हणजे?" त्याला सांगत बसायला वेळ नव्हता. बेंजोचा, म्हणजे आमच्या बटणांच्या तारवाद्याचा, आवाज वाढवला आणि सुरू केलं. दुसऱ्या ओळीला आजीची काठी ठेक्यात जमिनीवर पडायला लागली.

दापोलीच्या किनाऱ्यावर हर्णैपासून केळशीपर्यंत ज्या चालीला माणसं गेली पस्तीस वर्षं 'जपानी' म्हणतात, तिचं खरं नाव 'वॉक, डोन्ट रन'. ती गाजवणारा बँड 'द व्हेंचर्स', आणि तो अमेरिकेतला. हे मला कळायला २०१६ साल उजाडलं. तोवर मी ती चाल सत्तावीस वर्षं वाजवत होतो. भाच्याने फोनसमोर बेंजो वाजवायला लावला, फोनला काही ओळखता आलं नाही, मग त्याने माझी जुनी कॅसेट लावली आणि फोनवर नाव आलं. चार माणसं, हातात गिटारी, अंगात एकसारखे सूट. मी त्या फोटोकडे किती वेळ बघत बसलो होतो ते बायको अजून सांगते.

२०२२ च्या जानेवारीत त्यांच्यातला डॉन विल्सन वारला, ८८ वर्षांचा होऊन. बँड सुरू करणाऱ्या दोघांतला शेवटचा. त्या दिवसापासून यांच्याबद्दल नीट लिहायचं मनात होतं.

कॅसेट आली ती १९८९ च्या पावसाळ्यात. आमच्या पार्टीतले निम्मे लोक खलाशी. बोट पाण्यात असली की माणूस तालमीला नसतो, म्हणून आमची तालीम आजही पावसाळ्यातच होते. बोटी वर ओढल्या, झापांनी शाकारल्या, की रोज संध्याकाळी आमच्या पडवीत सगळे जमायचे. ढोल माझ्या वडिलांकडे, ताशा चुलत्याकडे आणि बेंजो आप्पांकडे. आप्पा आमच्या नात्यातले नव्हेत, पण सगळ्या वाडीचे आप्पा. दिवसा गवंडीकाम करायचे. त्यांच्या बोटांच्या भेगांत कायम चुना असायचा, आणि त्याच बोटांनी ते बेंजोच्या बटणांवर असे फिरायचे की पुढे नाचणाऱ्यांना पाय थांबवता यायचे नाहीत.

शेजारच्या घरातला काका परदेशी मालवाहू बोटीवर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी एक टीडीकेची कॅसेट घेऊन आला. योकोहामाच्या बंदरात कुणी जपानी माणसाने त्याला भरून दिली होती. वर निळ्या पेनाने जपानी अक्षरं, दुसरं काही नाही. आम्ही टेप लावला आणि गाणारा कधी सुरू होतो त्याची वाट बघत बसलो. एक चाल संपली, दुसरी संपली. चुलता म्हणाला, "गाणारा खंय गेला?" आप्पा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "गाणारा नायच. आपल्यासारखेच हायत."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. बेंजो पार्टीत गाणारा नसतो. चालच गाते. पण आम्ही वाजवतो ती गाणी लोकांच्या तोंडात असतात, शब्द त्यांच्या मनात आपोआप चालू होतात, आणि आमचं निम्मं काम ते शब्दच करतात. या माणसांकडे तोही आधार नव्हता. नुसते सूर, तेही गिटारीचे, आणि तरी कान हलत नव्हता.

ती पहिली चाल मी आठवडाभर रिवाइंड करून करून बसवली. तिचा गाभा चार पायऱ्यांचा आहे. वरच्या सा वरून कोमल नी, तिथून कोमल ध, तिथून प. पायऱ्या उतरून विहिरीत गेल्यासारखं वाटतं. आपल्या कानाला ही उतरंड परकी नाही, आसावरी-भैरवीच्या वाटेवरचीच आहे, म्हणून असेल, वाडीतल्या बायकांनाही ती पहिल्याच दिवशी आपली वाटली. त्या वर्षी गौरी-गणपती विसर्जनाला आम्ही ती वाजवली. कुणीतरी ओरडलं, "ती जपानी वाजवा!" आणि नाव पडलं ते पडलं.

चाल बसली, पण तो आवाज मिळेना. कॅसेटमधली गिटार ओली वाटायची. सूर पाण्यातून वर आल्यासारखा, मागे थरथर सोडत जाणारा. आमचा बेंजो कोरडा, खणखणीत. मग चुलत्याने शक्कल काढली. कर्णा विहिरीच्या तोंडावर उपडा बांधायचा आणि वाजवायचं. आम्ही खरंच बांधला. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरलेली, त्यामुळे फार काही घुमलं नाही, पण उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर पुन्हा करून बघितलं, आणि आप्पांनी 'जपानी'चे पहिले चार सूर छेडले तेव्हा विहिरीतून जो आवाज वर आला तो कॅसेटच्या अगदी जवळचा होता. माझ्या हातावर काटा उभा राहिला होता.

आता कळतं की त्या लोकांनीही एक प्रकारची विहीरच वापरली होती, छोट्या पेटीतली. पत्र्याच्या डब्यात लांब बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. गिटारीतून आलेली वीज एका टोकाला स्प्रिंग हलवते, ती थरथर स्प्रिंगेतून पुढे जाते, आपटून मागे येते, पुन्हा पुढे जाते, आणि दुसऱ्या टोकाला तिची परत वीज करून स्पीकरला देतात. याला स्प्रिंग रिव्हर्ब म्हणतात. आधी हे हॅमंड ऑर्गनमध्ये असायचं. १९६१ मध्ये फेंडर कंपनीने गिटारीसाठी त्याची वेगळी पेटी काढली, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पोरांनी ती अशी उचलली की तो ओला आवाज म्हणजेच सर्फ संगीत असं ठरून गेलं.

सर्फ म्हणजे फळीवर उभं राहून फुटणाऱ्या लाटेवरून घसरत किनाऱ्याला येणं. आमच्याकडे लाट म्हणजे आधी बोट आठवते. आषाढात उधाण आलं की आम्ही समुद्राकडे बघतो ते बांधलेली दोरी टिकेल का या काळजीने. तरीही ते संगीत ऐकताना मला आमचाच समुद्र दिसतो, सुवर्णदुर्गाच्या बाजूने पांढरी रेघ येते आणि फुटते, तसा. हे संगीत करणाऱ्यांतही लाटेवर उभे राहणारे थोडेच होते. 'बीच बॉईज' हा त्या किनाऱ्याचा सगळ्यात मोठा गाणारा बँड, पण त्यांच्यात खरा सर्फिंग करणारा एकटा डेनिस विल्सन, आणि तो १९८३ मध्ये पाण्यात बुडून गेला. (त्याचा आणि आमच्या डॉन विल्सनचा नात्याचा संबंध नाही.) आणि व्हेंचर्स तर कॅलिफोर्नियाचे नव्हतेच. ते वर उत्तरेला वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचे. ढगाळ, भुरभुर पावसाचा मुलूख. सर्फ संगीताची लाट यायच्या आधीच, १९६० मध्ये, त्यांनी 'वॉक, डोन्ट रन' वाजवून ठेवली होती. मग लाट आल्यावर १९६३ मध्ये त्यांनी सर्फिंगवर अख्खी एलपी काढली. त्यांना सर्फ बँड म्हणायचं की नाही यावर जाणकार वाद घालतात. माझं मत स्पष्ट आहे. लाट येण्याआधी वारा सुटतो. तो वारा म्हणजे हे.

सर्फ गिटारीचा राजा म्हणतात तो डिक डेल, त्याच्याबद्दलही एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याचे वडील लेबनीज वंशाचे. १९६२ मध्ये त्याने 'मिसिरलू' नावाची भूमध्य समुद्राकडची जुनी चाल एका तारेवर, हात दिसणार नाही इतक्या वेगाने वाजवली. तिचे सूर काढून बघा: कोमल रे, कोमल ध, बाकी शुद्ध. आपला भैरव. आणि तो एका तारेवरचा झरझर हात, तो तर बेंजोचा रोजचा धर्म आहे. आम्ही जुन्या प्लास्टिकच्या डब्याचा तुकडा कापून नखी करायचो आणि तेच करायचो.

आता व्हेंचर्स कसे सुरू झाले ते. १९५८. बॉब बोगल सेकंडहँड गाडी बघायला गेला होता, तिथे गाड्या विकायला डॉन विल्सन उभा होता, दुकान त्याच्या वडिलांचं. बोलता बोलता निघालं की दोघांनाही गिटारीची ओढ. बोगल गवंडीकामात होता, विल्सनही त्याच्याबरोबर त्याच कामाला लागला. दिवसभर इमारतींचा जुना चुना-मॉर्टर खरवडायचा आणि संध्याकाळी गिटार. गिटारीही गहाणवटीच्या दुकानातून घेतलेल्या. हे वाचलं तेव्हा मला आप्पांच्या बोटांच्या भेगा आठवल्या आणि पुढचं काही वेळ वाचताच आलं नाही.

'वॉक, डोन्ट रन' त्यांची स्वतःची नव्हे. जॉनी स्मिथ नावाच्या जॅझ गिटारवादकाची. तिच्यावरून चेट अॅटकिन्स या दुसऱ्या गिटारवादकाने वाजवलेली बोगलने ऐकली आणि आपल्या कुवतीप्रमाणे सोपी, ठसठशीत करून घेतली. कुठली कंपनी घेईना म्हणून विल्सनच्या आईने, जोसी विल्सन तिचं नाव, स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. बँडचं नावही तिनेच सुचवलेलं. सिएटलच्या एका रेडिओ स्टेशनने बातम्यांच्या वेळी ती चाल लावायला सुरुवात केली, लोक फोन करून विचारायला लागले, आणि पाहता पाहता ती अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. त्या रेकॉर्डवर ड्रम वाजवणाऱ्या स्किप मूरला उत्पन्नातला हिस्सा किंवा रोख २५ डॉलर यांतलं एक निवडायचं होतं आणि त्याने २५ डॉलर घेतले असं सांगतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. आमच्यातही सुपारीचे पैसे मोजताना रोख बघून वाटा सोडणारे पाहिलेत.

वाट्याची गोष्ट निघाली म्हणून मला खरं जे सांगायचंय त्याकडे येतो.

सुरुवातीला व्हेंचर्समध्ये पुढची गिटार, म्हणजे चाल वाजवणारी, बोगलकडे होती. 'वॉक, डोन्ट रन' त्याच्याच हातची. नोकी एडवर्ड्स मागे बास, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, वाजवायचा. पण नोकी गिटारीवर जास्त तयार होता, हे दोघांनाही कळत होतं. मग त्यांनी अदलाबदल केली. ज्याच्या हाताने बँड जगाला कळला त्या बोगलने पुढची गिटार खाली ठेवली, बास घेतला आणि मागे उभा राहिला. एकदोन कार्यक्रमांपुरता नव्हे. पुढची चाळीसेक वर्षं मुख्यतः बासवरच राहिला. पार्टी सोडली नाही, फुटून स्वतःची वेगळी काढली नाही.

१९९४ च्या गणपतीत, विसर्जनाच्या आदल्या दिवशी, आप्पांनी मला पडवीत बोलावलं. मी बावीस वर्षांचा. तोवर मी पार्टीत थाळी वाजवायचो, बेंजो फक्त घरी. आप्पांनी बेंजोची पेटी माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाले, "उद्या तू वाजव. मी हाय मागं." मी म्हटलं, आप्पा, लोक तुम्हाला ऐकायला येतात. ते म्हणाले, "लोक बेंजो ऐकायला येतात. माझी बोटं आता थंडी-पावसात वळत नायत. तुझी वळतात."

दुसऱ्या दिवशी ते खुळखुळा घेऊन माझ्या उजव्या अंगाला उभे राहिले. पत्र्याचा डबा, लाकडी मूठ, आत गुंजा. पार्टीतलं सगळ्यात हलकं वाद्य, जे आम्ही एरवी लहान पोराच्या हातात द्यायचो. बघणाऱ्यांना धक्का बसला. एकाने तोंडावर विचारलं, "आप्पा, काय हो, भांडण झालं काय?" ते हसले आणि खुळखुळा हलवत राहिले. मी त्या दिवशी तीन ठिकाणी चुकलो. तिन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे न बघता खुळखुळ्याचा जोर असा वाढवला की चूक ठेक्यात बुडून गेली.

रात्री पैसे वाटायला बसलो. आमच्यात बेंजोला दीड वाटा, बाकी सगळ्यांना एकेक. वडिलांनी सवयीने दीड वाटा आप्पांसमोर ठेवला. आप्पांनी त्यातला अर्धा वाटा उचलून माझ्यासमोर ठेवला. वडील म्हणाले, राहू दे, पोरगा नवा आहे. आप्पा म्हणाले, "दीड वाटा बेंजोचा हाय, माणसाचा नाय." त्यांच्या घरी तेव्हा लग्नाची मुलगी होती.

ते पुढे सोळा वर्षं आमच्याबरोबर आले. आंजर्ल्याची खाडी ओलांडायला पूल नव्हता तेव्हा तरीत ढोल मांडीवर घेऊन बसायचे, पूल झाल्यावर टेम्पोत पुढच्या सीटवर. कधी सुपारी चुकवली नाही.

म्हणून नोकी एडवर्ड्सचा वेगवान हात मला कितीही आवडत असला, तरी व्हेंचर्समधलं माझं माणूस बॉब बोगल आणि त्याच्या बरोबरीने डॉन विल्सन. विल्सनने तर पुढची जागा कधी घेतलीच नाही. १९५८ पासून २०१५ पर्यंत तो मागची गिटार, ठेक्याची, खडखडत ठेवत राहिला. सत्तावन्न वर्षं! पुढचे आले आणि गेले. नोकी १९६८ मध्ये गेला, जेरी मॅगी आला, नोकी परत आला, पुन्हा गेला, मॅगी परत आला. ज्याला कान आहे त्याने कधी चालीवरचं लक्ष काढून फक्त विल्सनचा हात ऐकावा. ती गिटार थांबली तर बाकीचे तिघं हवेत राहतील.

आता जपानकडे. १९६२ मध्ये जपानच्या आयोजकांनी त्यांना बोलावलं, पण चौघांचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून बोगल आणि विल्सन दोघंच गेले. १९६५ च्या जानेवारीत मात्र चौघं गेले, हातात मोझराइट कंपनीच्या पांढऱ्या गिटारी, आणि त्या देशाला वेड लागलं. इलेक्ट्रिक गिटारीला तिकडे 'एलेकी' हा शब्द रूढ झाला, पोरांनी गल्लोगल्ली बँड काढले, काही ठिकाणी शाळांनी मुलांना एलेकीला हात लावायची बंदी घातली इतकं ते पसरलं. चालीच्या आधी तारेवरून झरझर खाली घसरत येणारा जो हात असतो त्याला जपानी माणसं 'तेके-तेके' म्हणतात. आम्ही तेच बेंजोवर बटणांवरून बोटं खाली ओढत करायचो आणि त्याला 'घसरगुंडी' म्हणायचो. "आता घसरगुंडी मार," असं आप्पा मागून सांगायचे.

व्हेंचर्सने जपानसाठी खास चाली बांधल्या, त्यांच्यावर तिकडच्या कवींनी शब्द लिहिले. १९७० मध्ये क्योटो शहरावरचं तसं एक गाणं युको नागिसा या गायिकेने गायलं आणि ते देशभर गाजलं. अमेरिकेत १९६९ च्या 'हवाई फाइव्ह-ओ' या टीव्ही मालिकेच्या चालीनंतर त्यांचा बहर ओसरला, पण जपानने त्यांना सोडलं नाही. जवळजवळ दरवर्षी दौरा, महिनोन्‌महिने, लहानसहान गावांतूनही. आमचा काका योकोहामाला उतरला तेव्हा बंदरातल्या माणसाने त्याला हीच कॅसेट का भरून दिली याचं उत्तर मला इथे मिळालं. त्याच्या दृष्टीने ते त्याच्याच घरचं संगीत होतं.

आणि एक गोष्ट तर मला फार उशिरा कळली. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते अमेरिकन बँजोशी नातं असलेलं वाद्य नव्हे. ते बुलबुल तरंग. आणि बुलबुल तरंगाचं मूळ 'ताइशोगोतो', १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी बनवलेलं. टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवली, म्हणजे सामान्य माणसालाही घरी वाजवता यावं. ते व्यापाराबरोबर आपल्या बाजूला आलं, बुलबुल तरंग झालं, मग कुणीतरी त्याला पिकअप लावला, कर्ण्याला जोडलं, आणि ते हळदीत, शिमग्यात, गणपतीत घुसलं. अमेरिकेतल्या गवंड्यांची चाल जपानमार्गे आमच्याकडे आली आणि आम्ही ती जपानी वाद्यावर वाजवत होतो. वाडीने तिला 'जपानी' म्हटलं ते मला आता अजिबात चुकीचं वाटत नाही.

१९९६ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना त्यांचा ड्रमर मेल टेलर आजारी पडला. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. त्याला घरी पाठवलं आणि दौऱ्यावर त्याच्या जागी त्याचा मुलगा लिऑन बसला. ऑगस्टमध्ये मेल गेला. लिऑन तिथेच राहिला, आजही तोच वाजवतो. त्याच्या मनाचं त्या रात्री काय झालं असेल हे मला जरा कळतं. माझे वडील २००७ च्या शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवताना चक्कर येऊन बसले. धाकट्या भावाने ढोल गळ्यात घेतला, कारण पालखी थांबवायची नसते. वडील तासाभरात बरे झाले, पण ढोल त्यांनी परत मागितला नाही. सहाण, म्हणजे पालखी टेकवायची जागा, येईपर्यंत भावाच्या मागून चालत राहिले.

२००८ मध्ये व्हेंचर्सना अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, पहिल्या गाजलेल्या चालीनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. उशीर झाला असं मी म्हणेन. पुढच्याच वर्षी बोगल गेला. २०१८ मध्ये नोकी. २०१९ मध्ये जेरी मॅगी, तोही जपानच्या दौऱ्यावरच. मग विल्सन. आजच्या व्हेंचर्समध्ये सुरुवातीचं कुणी नाही. लिऑन टेलर आहे, बॉब स्पाल्डिंग आहे आणि त्याचा मुलगा इयन आहे. लोक विचारतात, मग हे व्हेंचर्स कसले? मला हा प्रश्न पडत नाही. आमच्या पार्टीतही पहिलं कुणी उरलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात पडवीची कौलं उडाली, दोन्ही ढोलांची पानं भिजून फुगली, अॅम्प्लिफायर गेला. कित्येक दिवस वाडीत वीज नव्हती. बेंजो लोखंडी पेटीत होता तेवढा वाचला. त्या वर्षी गणपतीला मिरवणुका नव्हत्याच. तरी विसर्जनाच्या संध्याकाळी भावाने उसना ढोल आणला, आम्ही तिघांनी अंगणातच वाजवलं, आणि समोरच्या घरातून हाक आली, "पार्टी आली काय रं?" पार्टी आलीच होती.

आंजर्ल्याच्या हळदीत त्या रात्री दहाला पाच मिनिटं असताना 'जपानी' संपलं. कीबोर्डवाल्या पोराने पुन्हा विचारलं, "काका, हे कुणाचं?" मी त्याला टेम्पोत बसल्यावर सांगायला लागलो ते हर्णै येईपर्यंत सांगत होतो.

१ जूनपासून मासेमारीला बंदी लागली की तालीम सुरू होईल. भावाची मुलगी दोन वर्षं घरी बेंजो वाजवतेय, 'जपानी' तिचं माझ्यापेक्षा स्वच्छ निघतं, विशेषतः घसरगुंडी. यंदाच्या थंडीत माझी करंगळी सकाळी वळत नव्हती. आप्पांचा खुळखुळा माळ्यावर सापडला. मूठ सैल झालीय, ती सुताराकडे दिलीय, आणि आतल्या गुंजा कमी झाल्यात, त्या गोळा करायला पोरांना सांगितलंय.